सावकारांकडून आमदारांना: एक खुलं पत्र

प्रति,
कोकणातले सर्व सन्माननीय आमदार
(पक्ष कुठलाही असो)

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या ठिकाणी सभा झाली. व्यासपीठावर तुमच्यापैकी एक जण होते. नाव घेत नाही, कारण तेच वाक्य मी आणखी तिघांच्या तोंडून ऐकलंय. ते म्हणाले, ‘आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर पाऊण लाखाचं कर्ज आहे. काल जन्मलेल्या पोराच्याही!’ टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी आमच्या वाडीतला नारळ पाडणारा बसला होता. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्यात त्याचं घर अर्धं उघडं पडलं. अजून अर्ध्यावर कौलं आणि अर्ध्यावर पत्रे आहेत. तो माझ्या कानात म्हणाला, ‘माज्या डोक्यार कौलां धड नाय, कर्ज खंयसून बसतलां?’

मला हसू आलं, पण घरी आल्यावर त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. तो बरोबर विचारत होता. म्हणून हे पत्र.

मी पोस्टात चौतीस वर्षं काढली. शेवटची अकरा वर्षं देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात सब-पोस्टमास्तर होतो. तेव्हा कोकण मनीऑर्डरवर चालायचं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मनीऑर्डरचे सगळे पैसे काही खर्च होत नसत. बायका त्यातले शंभर-दोनशे मागे ठेवायच्या आणि काउंटरवर परत द्यायच्या, आरडीत. आंब्याच्या हंगामात किसान विकास पत्रं जायची. सुकी मासळी विकणारी एक म्हातारी दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत यायची, कनवटीला बांधलेल्या नोटा सोडायची आणि खिडकीवर पसरायची. नोटांना सुकटीचा वास. मी त्या मोजून दराजात टाकेपर्यंत ती हलायची नाही. एकदा तिने विचारलं, ‘मास्तरांनु, माजे पैशे खंय जातत ओ?’

मी म्हटलं, ‘दिल्लीक.’ ती म्हणाली, ‘थंय काय करतत तेंचा?’

त्या दिवशी मी तिला नीट उत्तर दिलं नाही. रांग होती. आज देतो, पण तुम्हाला उद्देशून. कारण त्या उत्तरातच तुमच्या टाळ्यांच्या वाक्याचा पोकळपणा आहे.

तिचे पैसे राष्ट्रीय अल्पबचत निधीत जायचे. १ एप्रिल १९९९ पासून पोस्टातल्या सगळ्या बचती त्या निधीत जमा होतात, आणि तो निधी भारताच्या लोकलेख्यात असतो, म्हणजे लोकांचे पैसे सरकार जिथे सांभाळतं त्या खात्यात. त्यातून केंद्र सरकार कर्ज उचलतं. आधी राज्यंही उचलायची. महाराष्ट्राने २०१६ पासून नवं उचलणं थांबवलं, जुनं अजून फेडतोय. म्हणजे त्या म्हातारीच्या पासबुकातली शिल्लक आणि सरकारच्या वहीतलं देणं ही एकच रक्कम आहे, फक्त दोन बाजूंनी लिहिलेली. पोस्टात नसतील तर बँकेत बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेला आपल्या ठेवींच्या १८ टक्के इतकी रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारच्या कर्जाच्या कागदांत, ठेवावी लागते. विम्याचा हप्ता भरलात, त्यातला मोठा वाटा तिकडेच. नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधीही तिकडेच. राज्याला पैसे हवे असतात तेव्हा रिझर्व्ह बँक राज्याच्या रोख्यांचा लिलाव करते, बहुधा मंगळवारी. दहा, वीस, तीस वर्षांचे रोखे, व्याज सध्या सात टक्क्यांच्या आसपास. ते घेणारे म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि पेन्शनचे निधी. त्यांच्यातले पैसे कोणाचे? चिपळूणच्या शिक्षकाचे, वेंगुर्ल्याच्या काजूवाल्याचे, मालवणच्या होडीवाल्याचे.

तेव्हा ‘प्रत्येकाच्या डोक्यावर पाऊण लाख’ हा भागाकार अर्धाच झाला. कर्ज डोक्यांनी भागलंत, तर त्या कर्जाचे रोखेही डोक्यांनी भागा. ज्याची ठेव आहे तो सावकारही निघेल. नारळ पाडणाऱ्याची ठेव नाही, हे खरं. पण तो मीठ घेतो तसा मोबाईलचं रिचार्जही घेतो आणि रिचार्जवरचा कर भरतो. त्याच्याकडून आलेल्या करातून सरकार व्याज देतं आणि ते व्याज ठेववाल्याकडे जातं. खरं दुखणं असलंच तर ते इथे आहे, गरिबाच्या खिशातून ठेववाल्याच्या खात्यात. व्यासपीठावरून हे कोणी बोलत नाही.

आणि कृपा करून ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हेही सांगू नका. घराचा कर्ता म्हातारा होतो, मरतो, म्हणून त्याला कर्ज फेडून मोकळं व्हावं लागतं. राज्य मरत नाही. ते जुना रोखा फेडायला नवा काढतं, आणि जोवर उत्पन्न व्याजाच्या पुढे पळतंय तोवर बाजार देत राहतो. त्यामुळे कर्ज किती, हा पहिला प्रश्नच नाही. आम्ही सावकार आहोत आणि गावातला कुठलाही सावकार आधी विचारतो तेच विचारतो: कशासाठी घेतलंत?

मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पाचे आकडे घेऊ. वर्षाअखेर राज्याचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तुलनेत ते १९ टक्क्यांच्या आत येतं, म्हणजे आभाळ कोसळलेलं नाही. व्याजापोटी ६४ हजार कोटींच्या पुढे. महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटी धरली, तर दर शंभर रुपयांतले साडेअकरा रुपये हातात येण्याआधीच व्याजाला गेले. हेही एकवेळ चालेल. पण पुढचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. राजकोषीय तूट १,३६,२३४ कोटी, म्हणजे वर्षभरात ढोबळमानाने इतकी उसनवारी. महसुली तूट ४५,८९१ कोटी, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडलेला पैसा. घेतलेल्या दर तीन रुपयांतला एक रुपया पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणाऱ्या रकमा यांत गेला. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. सण वाईट असं मी म्हणत नाही. माझी वहिनीही त्या रकमेची वाट बघते आणि त्या पैशातून तिचं बीपीचं औषध येतं. पण सण कर्जाचा आहे, एवढं सावकाराला सांगा.

उरलेल्या दोन रुपयांचं काय होऊ शकतं, ते कोकणाने एकदा पाहिलंय. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं. मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना. केंद्राने अर्थसंकल्पातून सगळा पैसा काढायचा म्हटला असता तर अजून आपण एसटीने कशेडी घाट चढत असतो. भांडवल पाच जणांनी घातलं. रेल्वेचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा मोठा भाग रोख्यांतून उभा केला, लोकांकडून आणि संस्थांकडून. माझ्या पोस्टात यायचे ते एक निवृत्त हेडमास्तर, त्यांनी ते रोखे घेतले होते. व्याजाचा लिफाफा रजिस्टरने आला की ते सही करायचे आणि म्हणायचे, ‘बोगद्याचं भाडं आलं.’ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा तेव्हा खणत होते. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावली.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ते कर्ज महामंडळाला जड गेलं आणि शेवटी रेल्वेला हात द्यावा लागला. आणि मुख्य मुद्दा हा की ते कर्ज महाराष्ट्राच्या ‘सार्वजनिक कर्जा’त कधी नव्हतंच. महामंडळाच्या वहीत होतं.

आता मूळ शब्दावर येतो. सरकारी हिशेबात सार्वजनिक कर्ज म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीच्या, म्हणजे मुख्य तिजोरीच्या, तारणावर उचललेलं कर्ज: बाजारातले रोखे, नाबार्डचं कर्ज, केंद्राकडून आलेलं कर्ज. सरकारी कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, ठेवी वगैरे लोकलेख्यातली देणी त्याच्या बाहेर, ‘इतर दायित्वं’ म्हणून. महामंडळांची कर्जं त्याच्याही बाहेर. त्यांना राज्याने दिलेल्या हमी आणखी बाहेर. आपल्या गावी एखाद्याच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस रात्री झोपतो की नाही ते आपल्याला माहीत आहे. पण सरकारच्या वहीत जामिनाची रक्कम कर्जात मोजत नाहीत. वेगळ्या तक्त्यात लिहितात.

गंमत अशी की घटनाकारांना हे बरोबर कळलं होतं. अनुच्छेद ३६६ मध्ये शब्दांच्या व्याख्या आहेत. त्यात आठव्या क्रमांकाला ‘ऋण’ हा शब्द आहे. वार्षिकीच्या, म्हणजे ठरावीक हप्त्यांच्या, रूपाने मुद्दल परत करायची जबाबदारी आणि कुठल्याही हमीखाली येणारं दायित्व, दोन्ही ऋणात येतं असं तिथे स्वच्छ लिहिलंय. हमी आणि वार्षिकी. आजच्या भाषेत महामंडळांना दिलेल्या हमी आणि हायब्रीड अॅन्युइटीचे रस्ते. त्या रस्त्यांच्या खर्चाचा एक भाग रस्ता झाल्यानंतर कित्येक वर्षं हप्त्याने द्यायचा असतो. घटनेतल्या ऋणाच्या व्याख्येत या दोन्ही गोष्टी आहेत. तुमच्या भाषणातल्या पाऊण लाखात यातली एकही नाही.

हमी म्हणजे काय ते गुहागरला विचारा. अंजनवेलच्या डोंगरावर एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आला तेव्हा वीज मंडळाने वीज घ्यायची, पैसे द्यायचे, मंडळाने दिले नाहीत तर राज्य देईल आणि राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल, अशी साखळी बांधली होती. राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी राज्याच्या कर्जात एक रुपयाही वाढला नाही, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. वीज महाग निघाली, मंडळाची बिलं थकली आणि २००१ च्या सुरुवातीला कंपनीने आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मे महिन्यात कारखाना बंद पडला. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्या आणि बँकांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी करावी लागली. तक्त्यातला एक शांत आकडा असा एका सकाळी दारात येऊन उभा राहतो. आम्ही खाडीपलीकडची माणसं, आम्ही पाहिलंय.

आता रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे पूल होतायत. आम्हाला हवेत. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या ज्यांनी फेरीबोटीची वाट बघत ओलांडल्या आहेत, त्यांना तुम्ही पुलाचं महत्त्व पटवू नका. काम रस्ते विकास महामंडळाचं आहे. माझा प्रश्न साधा आहे: यातलं किती महामंडळाचं कर्ज, किती राज्याची हमी आणि ते फेडायचं कुठल्या पैशातून? टोल, की पुन्हा राज्याचा अर्थसंकल्प? फेड अर्थसंकल्पातूनच होणार असेल तर ते राज्याचंच कर्ज, नाव कोणाचंही असो. केंद्राने २०२२ पासून हाच नियम लावला आणि असं कर्ज राज्यांच्या कर्जमर्यादेत धरायला सुरुवात केली. केरळ त्या आणि अशा मुद्द्यांवर सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०२४ ला अनुच्छेद २९३ चा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला गेला. राज्याने किती कर्ज काढावं यात दिल्लीने कुठवर बोट घालावं, हा वाद मोठा आहे आणि माझा कल केरळच्या बाजूला आहे. पण सावकारापासून आकडा लपवायचा हक्क त्यात कोणाला मिळत नाही.

आता ज्या कर्जासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं, त्याच्यावर येतो. ते कुठल्याच तक्त्यात नाही.

माझा पुतण्या लहान ठेकेदार आहे. वर्षाला दोन-तीन कामं: पाखाडी, संरक्षक भिंत, शाळेची दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीच्या व्हाळावर त्याने साकव, म्हणजे छोटा पूल, बांधला. पावसाळ्यात तिथली पोरं शाळेला चार-चार दिवस जाऊ शकत नव्हती. मे संपायच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून त्याने शेवटचे दहा दिवस रात्री बॅटऱ्या लावून काम केलं. पहिलं रनिंग बिल मिळालं. मोजमापं झाली, एमबी म्हणजे मोजमापांची वही भरली, फायनल बिल साडेनऊ लाखांचं. ते अजून मिळालं नाही. कुठल्या खात्याचं काम, ते लिहीत नाही. तिथल्या बाबूचा दोष नाही. तोही तेच सांगतो जे त्याला वरून सांगतात: ‘बीम्सवर पैसे आले की लगेच.’ बीम्स म्हणजे सरकारची निधी वाटायची संगणक प्रणाली.

सिमेंटवाला थांबला नाही, कामगार तर थांबूच शकत नव्हते. पुतण्याने पतसंस्थेत सोनं ठेवलं. बायकोच्या पाटल्या, आईची मोहनमाळ. सहा लाख उचलले, शेकडा बारा दराने. वर्षाचं व्याज बहात्तर हजार.

बघा, पाऊण लाख. भाषणातला आकडा ज्याच्या डोक्यावर खरोखर बसलाय असा एक माणूस सापडला! आणि तोही दर वर्षी.

सरकारी हिशेब रोखीवर चालतो. पैसा तिजोरीतून गेला की खर्च झाला. बिल टेबलावर पडून आहे तोवर खर्च नाही, तूट नाही, कर्जही नाही. साकव मात्र उभा आहे आणि त्यावरून पोरं जातायत. सात टक्क्यांनी पैसा मिळू शकणाऱ्या सरकारने बारा टक्क्यांनी कर्ज काढणाऱ्या माणसाकडून बिनव्याजी, बिनमुदतीचं आणि न विचारता कर्ज घेतलंय. त्यामुळे तूट आटोक्यात दिसते. २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याची चौकट सांभाळली, असं सभागृहात सांगता येतं. ती चौकट माझ्या वहिनीच्या मोहनमाळेने सांभाळली.

तुम्ही विचाराल, यात आमदाराने काय करायचं. बरंच. व्याज आणि कर्जफेड हा भारित खर्च, त्यावर तुमचं मत घेतलं जात नाही, हे मान्य. दत्तमत, म्हणजे मताला टाकलेल्या, खर्चाला हात वर करायचा, भारिताला नुसतं बसून राहायचं. पण अनुच्छेद २०३ नीट वाचा. मतदान नाही म्हटलंय, चर्चा नाही असं म्हटलेलं नाही. उलट चर्चेला आडकाठी नाही, हे त्याच ओळीत आहे. महालेखापालांचे वित्त लेखे दर वर्षी तुमच्याच टेबलावर ठेवले जातात. त्यातलं सहावं विवरण कर्जाचं आणि नववं हमीचं. लोकलेखा समितीत तुमच्यातलेच लोक असतात. पुरवणी मागण्या येतात तेव्हा नव्या कामांची यादी वाचण्याआधी एकदा उभे राहून विचारा: जुन्या, झालेल्या, मोजलेल्या कामांची न दिलेली बिलं किती? जिल्ह्यानुसार आकडा द्या. आणि ती रक्कम कर्जाच्या खाली, वेगळ्या ओळीत का होईना, छापा. नवा नारळ फोडण्याआधी मागच्या नारळाचे पैसे दिलेत का, एवढाच तो प्रश्न.

कर्ज काढू नका, असं या पत्रात कुठेही नाही. आमच्याकडे समुद्र दर वर्षी थोडा आत येतो. बंधारे लागणार, वीज जमिनीखालून न्यावी लागणार, जेट्या लागणार. २०२० मध्ये केंद्राने कोरोनासाठी कर्जाची मर्यादा उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर नेली, तेव्हा मी म्हटलं बरं केलं. तीस वर्षं टिकणारा बंधारा तीस वर्षांच्या रोख्यातून बांधणं न्यायाचंच आहे. ज्यांना त्याचा उपयोग, त्यांनीही थोडं फेडावं. माझ्या नातवाने त्याचं व्याज भरलं तर मला वाईट वाटणार नाही. त्याच्या आजोबांच्या वेळच्या पगाराचं व्याज त्याने का भरावं, हे मात्र मला सांगता येणार नाही.

गणपतीत आमच्या गावी या. चाकरमानी आलेले असतात, देवळाचा सभामंडप भरलेला असतो आणि त्यांच्यात निम्मे बँकवाले निघतात, त्यामुळे प्रश्न अवघड येतील. सुकट विकणारी म्हातारी आता नाही, तिची सून येईल. तिच्या हातात अजून सासूचं पासबुक असतं. हार, शाल काही नको. येताना नववं विवरण आणि थकलेल्या बिलांची जिल्ह्याची यादी आणा. एकच प्रत असली तरी चालेल, झेरॉक्स आम्ही काढू.

आपला,
एक निवृत्त सब-पोस्टमास्तर
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग